मशीन बंद पडण्याची वाट बघणारा धंदा

प्रश्न : मी गेली नऊ वर्षं प्रिंटर आणि कॉपी मशीनच्या दुरुस्तीचं काम करतो. छोटं दुकान आहे. हाताखाली एक मुलगा आहे, तीन वर्षांपासून माझ्याकडे शिकतोय. गिऱ्हाइकं म्हणजे मुख्यतः ऑफिसं, दोन-तीन शाळा, काही वकील. नाव चांगलं आहे, पण उत्पन्नाचा भरवसा नाही. मागच्या वर्षी एका महिन्यात दुरुस्तीचे ११० कॉल केले, म्हणजे तेवढ्या वेळा गिऱ्हाइकाकडे गेलो, श्वास घ्यायला उसंत नव्हती. दोन महिन्यांनी ४१ वर आलो. मी आजारी पडलो की गल्ला बंद. हिशेब बायको बघते. तिचं म्हणणं, धंदा वाढला पण घरात शिल्लक तेवढीच. मेहुण्याचं म्हणणं, कर्ज काढ आणि दुसरं दुकान टाक. मुलाला आणखी शिकवावं तर भीती वाटते, उद्या माझीच गिऱ्हाइकं घेऊन वेगळा होईल. दर महिन्याला ठरावीक पैसे येतील आणि सगळं माझ्या दोन हातांवर राहणार नाही, असं काही करता येईल का? आणि जाता जाता, दुकानाचं नाव जुनाट वाटतं, ते बदलावं का?

उत्तर : तुमच्या पत्रात मी दोन आकड्यांपाशी अडलो. ११० आणि ४१. त्या दोन महिन्यांत तुमची हुशारी निम्म्यावर आली नव्हती, गिऱ्हाइकं सोडून गेली नव्हती, दुकानही जागचं हललं नव्हतं. फरक एवढाच, की त्या महिन्यात मशीनं कमी बिघडली. म्हणजे तुमच्या घरात किती पैसे येणार हे कुणाच्या तरी ऑफिसातला झिजलेला रबरी रोलर ठरवतो.

यात एक वाईट गंमत आहे. तुम्ही काम जितकं नीट कराल तितका पुढचा कॉल लांबणार. अर्धवट काम करणाऱ्याला महिन्याभरात पुन्हा बोलावणं येतं आणि त्याला दोनदा पैसे मिळतात. तुम्ही तसले नाही, म्हणून तर नाव चांगलं आणि शिल्लक बेताची. गिऱ्हाइकाला मशीन चालू हवं असतं आणि तुमची कमाई ते बंद पडल्यावर सुरू होते. हे उलटं गणित जोवर सरळ होत नाही तोवर दुसरं दुकान टाका, तिसरं टाका, एकाच्या जागी तीन ठिकाणी तुम्ही फोनची वाट बघत बसाल.

गंमत म्हणजे याचं उत्तर तुमच्याच धंद्याच्या इतिहासात आहे. १९५९ साली अमेरिकेतल्या हॅलॉइड झेरॉक्स या कंपनीनं ‘९१४’ नावाचं कॉपी मशीन बाजारात आणलं. ९ बाय १४ इंचांच्या कागदापर्यंत प्रत निघायची म्हणून ९१४. वजन जवळपास ३०० किलो आणि किंमत अशी, की साध्या ऑफिसानं विकत घ्यायचा विचारही करू नये. मग कंपनीनं ते भाड्यानं दिलं. महिन्याच्या भाड्यात पहिल्या २००० प्रती धरलेल्या, त्यापुढे प्रत्येक प्रतीमागे पैसे. देखभाल कंपनीची. आणि गिऱ्हाइकाला नको असेल तर १५ दिवसांची सूचना देऊन मशीन परत. ज्या ऑफिसांना महिन्याला २००० पुरतील असं वाटलं होतं, ती सरासरी दिवसालाच तेवढ्या प्रती काढू लागली. मशीन चालू राहिलं तर कंपनीला पैसे, बंद पडलं तर नुकसानही तिचंच. त्यामुळे मशीन चालू ठेवण्यात दोघांचाही फायदा होता.

तुमच्याकडे भाड्यानं द्यायला मशीनं नाहीत, आणि तूर्त घेऊही नका. त्यात भांडवल अडकतं. पण त्या व्यवहारातली मेख तुम्हाला उचलता येईल. दुरुस्ती विकणं कमी करा, चालू मशीन विका. वार्षिक देखभाल करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तो करा.

तुम्ही म्हणाल, एएमसी काय मला ठाऊक नाही? ठाऊक असणारच. या धंद्यातल्या पुष्कळांनी ती एकदा करून बघितलेली असते आणि हात पोळून सोडलेली असते. पोळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच : दर अंदाजानं ठरवलेला असतो आणि कागदावर ‘सर्व काही समाविष्ट’ असं उदारपणे लिहिलेलं असतं. मग वर्षाच्या मध्यावर फ्यूजर, म्हणजे उष्णतेनं शाई कागदावर पक्की करणारा भाग, जातो आणि अख्ख्या कराराची कमाई त्या एका सुट्या भागात जाते.

म्हणून आधी कॉलच्या डायऱ्या काढा. मागच्या दोन वर्षांच्या, घामाचे डाग पडलेल्या, जशा असतील तशा. बायको हिशेब बघते ना, तिला सोबत घ्या. गिऱ्हाइकाच्या नावानं नाही, मशीनच्या नावानं यादी करा. कोणतं मशीन, वर्षात किती वेळा गेलात, काय निघालं, कोणता भाग बदलला, आणि दुकानातून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती वेळ गेला. हा शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच असेल. आठवून भरा, आणि आजपासून पुढे घड्याळ बघून लिहा. दुरुस्तीला लागलेला वेळ आणि कॉलला लागलेला वेळ यांतला फरक बघून तुम्हीच चमकाल. आत पाऊण तास, बाहेर सव्वा तास.

आता एका मशीनचं गणित मांडून दाखवतो. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे डायरीतून येतील. समजा एका ऑफिसातलं मशीन वर्षात ५ वेळा अडतं. जाणं-येणं, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, थांबा’ आणि स्पेअर आणायची दुसरी फेरी धरून प्रत्येक कॉलला २ तास. वर्षाचे १० तास. आता त्याच मशीनचा करार केला आणि तीन-तीन महिन्यांनी ४ भेटी ठरवल्या. या भेटी तुमच्या सोयीच्या दिवशी, त्याच भागातली सहा-सात मशीनं एका फेरीत, त्यामुळे वाटेचा वेळ वाटला जातो. प्रत्येकी ४० मिनिटं धरा. आतली सांडलेली टोनरची, म्हणजे छपाईच्या कोरड्या शाईची, पूड साफ केली, कागद ओढणारे रोलर पुसले किंवा गुळगुळीत झाले असतील तर बदलले, काउंटर, म्हणजे आजवर किती पानं निघाली तो आकडा, टिपला. रोलर झिजला, कागद ओलसर असला की जॅम, हे तुम्हाला मी काय सांगणार. नियमित हात फिरला की ५ बिघाडांचे २ झाले म्हणू. हिशेब करा : भेटींचे २ तास ४० मिनिटं, बिघाडांचे ४ तास, एकूण ६ तास ४० मिनिटं. दर ५ कॉलच्या पैशांएवढाच ठेवला तरी एका मशीनमागे ३ तास २० मिनिटं वाचतात. असे ६० करार झाले तर वर्षाचे २०० तास, म्हणजे दहा तासांच्या दिवसानं २० दिवस.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघा : तेवढ्याच पैशात त्याचं मशीन तीनदा कमी बंद पडतं. त्याला हेच सांगायचं. स्वस्त पडेल असं सांगायला जाऊ नका.

दरावरून घासाघीस होईलच. त्या वेळी एक हिशेब डोक्यात असू द्या. १०० च्या कामात थेट खर्च वजा जाता तुमच्याकडे ३० उरत असतील आणि तुम्ही १० टक्के सूट दिली, तर उरतात २०. पहिल्याइतकेच पैसे मिळवायला तुम्हाला दीडपट काम करावं लागेल. समोरच्याला ती ‘थोडीशी’ सूट वाटते, तुम्हाला अर्धं काम फुकट करावं लागतं. उलट दर १० टक्के वाढवला तर उरतात ४०. मग चारातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी नफा तेवढाच, आणि चौथ्याकडच्या चकरा वाचल्या. नऊ वर्षांत दर किती वेळा वाढवले, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. माझा अंदाज मी सांगत नाही, तुम्हीच आठवा.

करारात काय धरायचं? तुमची मेहनत, ठरलेल्या भेटी, साफसफाई, छोटे रबरी भाग. काय धरायचं नाही? टोनर, ड्रम (ज्यावर पानाची प्रतिमा उमटते तो गोल भाग), फ्यूजर, मुख्य सर्किट, आणि कागदासोबत आत गेलेल्या स्टेपलरच्या पिनेनं केलेला पराक्रम. मोठ्या भागांचं वेगळं बिल, पण बदलण्याआधी विचारून. पानांची मर्यादा घाला. काउंटर खोटं बोलत नाही आणि भांडण तिथेच मिटतं. पुढेमागे टोनरसकट पानामागे दर लावावासा वाटला तर सांभाळून : डब्यावर लिहिलेली पानांची संख्या साधारणपणे पानाचा ५ टक्के भागच छापला जातो असं धरून काढलेली असते. मजकुराच्या पत्राला ते ठीक. जाहिरातीची गडद पानं छापणाऱ्या ऑफिसात तोच डबा कितीतरी आधी संपतो.

वेळेचा शब्द देताना उत्साहात येऊ नका. ‘दोन तासांत हजर’ हे ऐकायला छान वाटतं, पण तुम्ही दोघंही बाहेर असताना तो फोन येणारच. ‘पुढच्या कामाच्या दिवशी दुपारपर्यंत’ असं लिहा आणि जमेल तेव्हा त्याआधी जा.

सगळ्यांना एकदम विचारत सुटू नका. वर्षात तीनदा किंवा जास्त गेलात अशी मशीनं निवडा. त्यांतूनही अशी, जिथे मशीन अडलं की मालकाचं काम अडतं. वकिलाला कागद दाखल करायची शेवटची तारीख असते, शाळेला परीक्षेचे पेपर काढायचे असतात. पहिले दहा करार अशा ठिकाणचे. आणि करार करण्याआधी मशीन उघडून बघा. जे आधीच अखेरच्या घटका मोजतंय त्याला नम्रपणे नाही म्हणा, किंवा आधी दुरुस्ती, मग करार. बांधून घ्यायला कचरणाऱ्याला महिन्याची सूचना देऊन सुटायची मुभा ठेवा. काम नीट झालं तर ती फारसं कुणी वापरत नाही.

आता पैसे. तिमाहीचे आगाऊ घ्या, कुणी वर्षाचे देत असेल तर उत्तमच. पण इथेच पाय घसरतो. वर्षाचे पैसे एकदम हातात आले की घराला रंग काढावासा वाटतो. ते पैसे अजून तुमचे नाहीत. बारा महिन्यांची सेवा तुम्ही देणं आहात, एक महिना सरला की त्यातला बारावा भाग तुमचा होतो. वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर महिन्याला तेवढाच इकडे वळवा. त्याच दिवशी स्वतःला पगार द्या. ठरावीक, दुकानच्या भाड्यासारखा, आणि वर्षभर तोच. आज तुम्ही गल्ल्यातून लागेल तसं घेत असणार, त्यामुळे धंदा कमावतो की तुमची फुकट मेहनत खातो हे कळायला मार्गच नाही. करारांचं महिन्याचं उत्पन्न जेव्हा भाडं, मुलाचा पगार, फोन, पेट्रोल आणि तुमचा पगार एवढं सगळं भागवेल, त्या दिवशी तुमच्या पत्रातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. वरचे तुरळक कॉल म्हणजे मग बचत.

तुमच्या पत्नीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याचं कारण बहुधा येणी हे आहे. ऑफिसं बिल ६० दिवसांनी देतात असं धरा. महिन्याचं बिलिंग १०० असेल तर कायम २०० बाहेर अडकलेले. धंदा दुप्पट झाला, बिलिंग २०० झालं, की ४०० अडकले. मधले २०० आले कुठून? स्पेअर तुम्ही रोखीनं आणलेत, मुलाचा पगार वेळेवर दिलात, म्हणजे घराच्या शिलकीतून. धंदा वाढतोय आणि खिसा रिकामा, याचा अर्थ दरवेळी तोटा असा नसतो, वाढ स्वतःच पैसे खाते. आगाऊ पैशांचा करार हे गणित फिरवतो. बाकीच्यांसाठी मोठ्या स्पेअरला निम्मे पैसे आधी, आणि जुन्या बिलांची आठवण दर आठवड्याला ठरल्या वारी. ते काम पत्नीच्या हाती द्या. तुम्हाला संकोच वाटतो, त्यांना वाटणार नाही असं पत्रावरून दिसतं.

मेहुण्यांना सांगा, सल्ल्याबद्दल आभार. तुमची गिऱ्हाइकं फोनवरून येतात, पाटी बघून नाही. दुसऱ्या दुकानानं भाडं दुप्पट होईल, फोन तेवढेच येतील. कर्जाला माझा तत्त्वतः विरोध नाही, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि तुमचं उत्पन्न ११०-४१ असं झोके घेतं.

मुलाविषयी मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रातली खरी कळ तिथे आहे असं मला वाटतं. तो गिऱ्हाइकं घेऊन जाईल म्हणून तुम्ही त्याला अर्धवट शिकवता. अर्धवट शिकल्यामुळे प्रत्येक अवघड कॉलला तुम्हीच जाता. तुम्हीच जाता म्हणून गिऱ्हाईक तुम्हालाच ओळखतं, आणि तुम्ही आजारी पडलात की गल्ला बंद. भीती खरी आहे, मी नाकारत नाही. पण तीन वर्षं हाताखाली राहूनही ज्याला फ्यूजर उतरवता येत नाही असा मदतनीस, निघून जाणाऱ्यापेक्षा जास्त महाग पडतो.

एक जाड वही करा. प्रत्येक मशीनच्या मॉडेलला चार-पाच पानं. काय तक्रार होती, आधी काय तपासलं, शेवटी काय निघालं. ‘पान मधूनच काळं येतं’ म्हटल्यावर तुमचा हात आपोआप कुठे जातो ते तुम्हाला सांगता येत नाही, कारण तुम्ही विचारच करत नाही. म्हणून त्याला लिहायला सांगा : तुम्ही मशीन उघडा, तो शेजारी उभा राहून विचारेल आणि टिपेल. सहा महिन्यांत त्या वहीत तुमची नऊ वर्षं उतरतील. मग कामांचे तीन भाग पाडा : तो एकटा करू शकतो ती, फोनवर तुम्हाला विचारून करू शकतो ती, आणि फक्त तुम्हीच करू शकता ती. दर महिन्याला तिसऱ्या ढिगातली दोन कामं दुसऱ्यात ढकलायची. ठरलेल्या भेटी तर पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे द्या, त्यासाठीच त्या चांगल्या.

त्याला पगारावर थोडं वरचं द्या, पण कॉलच्या संख्येवर नाही, नाहीतर तोही बिघाडाची वाट बघू लागेल. त्यानं हात लावलेलं मशीन ३० दिवसांत परत अडलं नाही, तर त्याचे पैसे. करार दुकानाच्या नावानं असल्यामुळे गिऱ्हाईक उचलून नेणं सुट्या कॉलइतकं सोपं राहत नाही. तरी एखादे दिवशी तो जाईलही. तेव्हा वही तुमच्याकडे असेल आणि पुढच्याला शिकवायला तीन वर्षं लागणार नाहीत.

पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो : तुमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडून किती टक्के उत्पन्न येतं? मी पूर्वी पुस्तकबांधणीचं काम करायचो, फारसं कुणाला सांगत नाही. अर्ध्याहून जास्त काम एकाच कंपनीचं होतं. त्यांच्या वार्षिक डायऱ्यांवर आमचं वर्ष निघायचं. मोठी कंपनी, वेळेवर पैसे, मला वाटायचं याहून स्थिर काय असणार? एका वर्षी तिथला खरेदी बघणारा माणूस बदलला आणि चार ओळींचं पत्र आलं. पुठ्ठा आणून ठेवलेला, कापडाचे तागे कापलेले. ते कापड मी पुढे दोन वर्षं संपवत होतो. करार करताना जिथे दहा-बारा मशीनं एकदम मिळतात तिथे तोंडाला पाणी सुटतं, हे मला कळतं. घ्या ते काम, पण एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे कुणालाही जाऊ देऊ नका. गेलंच तर नवी छोटी गिऱ्हाइकं शोधायची घाई करा.

हे सगळं किती दिवसांत होईल? पहिले दहा करार दोन-तीन महिन्यांत व्हायला हरकत नाही. पुढचे पन्नास हळू होतील, त्यात एक-दोन तुम्हाला पस्तावायलाही लावतील. वर्ष झाल्यावर आठ दिवस बाहेरगावी जा आणि फोन मुलाकडे ठेवा. परत आल्यावर गल्ला आणि तक्रारी दोन्ही बघा, म्हणजे कुठे गळतंय ते कळेल. दुसरा मदतनीस त्यानंतर. दुसऱ्या दुकानाचा विषय त्याच्याही नंतर, आणि तेव्हा कदाचित तुम्हालाच त्याची गरज वाटणार नाही.

नावाचं म्हणाल तर बदलू नका. पाटी फारसं कुणी वाचत नसेल. त्याऐवजी एक छोटं स्टिकर छापून घ्या, हाताच्या तळव्याएवढं. मशीनचं पुढचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला दिसेल असं चिकटवायचं. त्यावर दुकानाचं नाव, फोन, आणि खाली तीन रकाने : भेटीची तारीख, काउंटर, पुढची भेट. प्रत्येक वेळी बॉलपेननं भरायचं, जेलपेनची शाई बोटांनी पुसली जाते. जॅम झाला की माणूस पहिल्यांदा तेच झाकण उघडतो.